डी ड्राइव्ह कुणाच्या नावावर

माझ्या हातचं छापून आलेलं असं आयुष्यात काहीच नाही. एकदा मासिकाला फणसाच्या सांदणांची कृती पाठवली होती, त्यांनी ती परतसुद्धा पाठवली नाही. पण आमच्या श्रीवर्धनच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरमध्ये मी लिहिलेली एक ओळ आहे. मशीन सुरू झालं की दर वेळी ते ती ओळ वाचतं आणि मुकाट्याने तसं वागतं. घरात माझं इतकं कुणी ऐकत नाही. त्या ओळीचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

वाचनालय म्हणजे देवळामागच्या दोन खोल्या आणि पुढे पडवी. मी तिथली ग्रंथपाल. दुपारी तीन ते सात उघडायचं, पुस्तकं द्यायची-घ्यायची, पेपर वाचता वाचता झोपणाऱ्या सभासदांना हलवायचं. कॉम्प्युटर एका मुंबईकर झालेल्या बागायतदाराने भेट दिलेला. त्यातलं विंडोज पुढे इतकं थकलं की सुरू व्हायला अर्धा तास घ्यायचं आणि मग मध्येच बसकण मारायचं. माझी धाकटी बहीण पनवेलच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळते. ती दिवाळीला आली आणि दोन तासांत तिने त्याच्यावर लिनक्स घालून दिलं. मशीन धावायला लागलं. विंडोज मात्र तिने तसंच शेजारी ठेवलं, कारण आमचं सगळं जुनं सामान विंडोजच्या डी ड्राइव्हवर होतं : पुस्तकांची यादी, सभासदांचे अर्ज, उत्सवाचे फोटो.

"साधी माणसं साध्या खात्यातून काम करतील," ती म्हणाली. "डी त्यांना उघडणार नाही, तो फक्त मोठा पासवर्ड घालून उघडेल. तो तुझ्याकडे. पुढच्या खेपेला नीट करून देईन."

पुढची खेप काही लवकर आली नाही. आणि खरं सांगायचं तर मला तिची घाईही नव्हती. दर दहा मिनिटांनी कुणी ना कुणी यायचं, "वहिनी, जरा डी उघडून द्या." मी चष्मा सावरायची, त्यांना मान फिरवायला सांगायची, पासवर्ड घालायची. पंचवीस वर्षं लोकांनी मला "ते वरच्या फळीवरचं काढून द्या" एवढंच सांगितलेलं. आता माझ्यावाचून अडायला लागलं, ते मला आवडलं. लाज वाटण्यासारखंच आहे, पण आवडलं.

त्याच डी ड्राइव्हवर एक नाटक होतं.

ते लिहिणारी बाई आमच्या आळीतल्या वाड्यांमध्ये, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागांत, सुपारी सोलायला जाते. आमच्याकडेही येते. नववीपर्यंत शिकलेली. तिने आमच्या कपाटातली नाटकं एकेक करत सगळी वाचून काढली, आणि मग एक दिवस मला म्हणाली, "वैनी, ह्यात सगळी मानसं दिवाणखान्यातच बसून बोलतात. पडवीत कोन बसलंय ते कुनी बगतच न्हाय." मी म्हटलं, मग तू लिही. म्हटलं ते गमतीने; तिने घेतलं खरं. सोलणीचं काम नसेल तेव्हा ती दुपारी येऊन दोन बोटांनी टाइप करत बसायची. सव्वा वर्षात दोन अंकी नाटक झालं. एका बागायतदाराच्या पडवीत सुपारी सोलणं चाललेलं आहे. मालक, त्याचा भाऊ, दलाल, पोस्टमन, सोयरीक घेऊन आलेले पाहुणे, सगळे येतात, बोलतात, भांडतात, जातात. कोपऱ्यात एक बाई दोन्ही अंक नुसती सोलत बसलेली. शेवटी ती उठते आणि पाच-सहा वाक्यं बोलते. बस्स. मी वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आमच्या उत्सवात दरवर्षी गावातल्यांचं नाटक होतं आणि मी अकरा वर्षं त्याची प्रॉम्प्टर आहे. त्या साली नवीन नाटक हाताशी नव्हतं. मी मंडळात भांडून हे घ्यायला लावलं. मंडळाचे अध्यक्ष नात्याने माझे चुलत दीर. नाटकात मालकाचं काम नेहमी त्यांचं, मग नाटक राजाचं असो की कारकुनाचं. त्यांनी नाटक चाळलं, मालकाची वाक्यं मोजली आणि होकार दिला. कोपऱ्यातल्या बाईचं काम करायला मात्र कुणी मिळेना. दोन तास विटकं लुगडं नेसून बसायचं आणि वाक्यं शेवटची तेवढीच, म्हणजे कुणाच्या घरचे पाठवणार? शेवटी लिहिणारी म्हणाली, "बसून सोलायचंच ना? ते मी रोज करते. मीच बसते." एवढं बोलून मोकळी झाली, पण तिचा चेहरा मी पाहिला होता. तिला ती शेवटची वाक्यं गावासमोर उभं राहून म्हणायची होती. आयुष्यात तिने दुसरं काही मागितल्याचं मला ठाऊक नाही.

आमच्याकडे नक्कल हाताने उतरवायची रीत आहे. म्हणजे प्रत्येक नटाने आपली वाक्यं मूळ प्रतीवरून स्वतःच्या अक्षरात वहीत लिहून घ्यायची. हाताखालून गेलं की डोक्यात बसतं म्हणतात. मूळ प्रत डीवर, प्रिंटरची शाई वाळून खडखडीत झालेली. त्यामुळे नट एकेक करून वह्या घेऊन वाचनालयात आणि दिवसभर माझ्या नावाचा पुकारा.

त्यातच मला एका लग्नाला म्हसळ्याला जावं लागलं. शिपायाने वाचनालय उघडलं. ही बाई त्या दिवशी एका वाडीतलं काम अर्धं टाकून आली होती. शेवटच्या प्रवेशातलं एक वाक्य तिला बदलायचं होतं. तिने डीवर दाबलं. परमिशन डिनाइड. पुन्हा दाबलं. तेच. शिपायाने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, "तासभर तशीच बसून होती. म्हटलं फोन लावू का वहिनींना, तर म्हणाली, नको, लग्नात असतील." स्वतःच्या नाटकासमोर बाई तासभर बसून परत गेली होती, आणि मी म्हसळ्याला मठ्ठा पीत होते. मला स्वतःचाच असा राग आला की त्याच दुपारी मी बहिणीला फोन लावला.

"अगं, येते ना मी पुढच्या महिन्यात," ती म्हणाली.

"तू येऊ नकोस. मला सांग."

"तुला?" आणि ती हसली. धाकट्या बहिणींचं ते एक हसणं असतं. त्या हसण्याने माझं काम निम्मं केलं.

तिने सांगितलं ते असं. लिनक्समध्ये एक फाईल असते. मशीन सुरू होताना ती वाचून कुठला कप्पा कुठे उघडायचा आणि कुणाला वापरू द्यायचा ते ठरवतं. तिथे डीसाठी एक ओळ घालायची. ओळीत आधी डीचा भलामोठा ओळखक्रमांक, मग तो कुठे दिसावा ती जागा, मग अटी. अटींत आकड्यांनी लिहायचं असतं, कुणाकडून काय काढून घ्यायचं ते. तीन शून्यं लिहिली की कुणाचं काहीच काढून घ्यायचं नाही. सगळ्यांनी वाचावं, सगळ्यांनी लिहावं.

"घाल तीन शून्यं," मी म्हटलं. आपल्या गावात कुणाला अडवायचं?

ओळखक्रमांक मी तीन वेळा ताडून पाहिला. ओळ लिहिली, मशीन पुन्हा सुरू केलं आणि ते सुरूच होईना. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. वाचनालयाची वीस वर्षं त्या डब्यात, आणि तिचं नाटक! बहिणीने ओळ अक्षर-अक्षर वाचून घेतली आणि विचारलं, "स्वल्पविरामानंतर जागा सोडलीस का?" अर्थात सोडली होती. स्वल्पविरामानंतर जागा सोडायची असते, ते मी तीन पिढ्यांच्या पोरांना सांगत आलेय. इथे सोडायची नसते म्हणे. ती जागा काढली. मशीन सुरू झालं, पण डीवर लिहिता येईना. विंडोज मागच्या वेळी नीट बंद न होता अर्धवट झोपलेलं होतं. त्याला अर्धा तास उठवलं, पुरतं बंद केलं आणि पुन्हा लिनक्समध्ये आले. साध्या खात्यातून डीवर दाबलं. उघडलं! मी पडवीत जाऊन पेपर वाचणाऱ्या तिघांना उठवून दाखवलं. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी माना डोलावल्या.

चार दिवस मी हवेत होते. कुणी मला हाक मारत नव्हतं, नट येत होते, आपापलं उघडून बसत होते. किती वेळ टायपिंगचा आवाज यायचा. नक्कल वहीत उतरवायची तर टायपिंग कसलं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

आमच्या नटांची एक जुनी खोड आहे. मिळालेल्या नकलेत थोडं आपलं घालायचं. ते कुणाला पाप वाटत नाही. पूर्वी तो आगाऊपणा ज्याच्या त्याच्या वहीच्या समासात राहायचा, आणि मी विंगेतून दटावून मूळ वाक्यावर आणायची. आता मी त्यांना मूळ प्रतच मोकळी करून दिली होती. पोस्टमनला दोन प्रवेश होते, त्याचे पाच झाले आणि एक गाणं आलं. दलालाला मुंबईच्या आठवणी फुटल्या. पाहुण्याच्या तोंडी त्याच्या खऱ्या दुकानाची जाहिरात आली. मालकाने सुपारीचं आगर, पूर्वज आणि संस्कृती यांवर दीड पान भाषण केलं. आणि शेवटी कोपऱ्यातल्या बाईची वाक्यं होती, त्यातली दोन उरली होती. बाकीची मालकाच्या तोंडी, थोडी सजवून.

वाचनाची पहिली तालीम साडेचार तास चालली. ती बाई भिंतीला टेकून ऐकत होती. चिडली असती, रडली असती, तरी मला बरं वाटलं असतं. सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ आली.

"चांगलं झालंय, वैनी. आता यात माजं कुटं हाय तेवडं दावा."

मी माझी वही काढून चाळली. मूळ प्रत दुसरीकडे कुठेही नव्हती; नटांच्या वह्यांतही आता ज्याची त्याची भर होती. माझ्या प्रॉम्प्टिंगच्या वहीत पहिला अंक निम्मा उतरला होता, तेवढाच. दोष नटांना द्यायला मी मोकळी होते, आणि तो मी यथेच्छ दिला; पण तीन शून्यं मीच लिहिली होती.

"तुला आठवतं का गं?" मी विचारलं.

"आठवंल. पन नुसतं बसून न्हाय आठवायचं. सोलताना रचलंय सगळं."

दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीतून मी दोन टोपल्या सुपारी आणि सोलायचं पातं वाचनालयाच्या पडवीत आणून ठेवलं. ती सोलायला बसली आणि बोलायला लागली. मी दारात स्टुलावर वही घेऊन. हात चालला की वाक्य यायचं, हात थांबला की वाक्य थांबायचं. मध्येच म्हणायची, "ह्ये दलालाचं न्हाय, त्यो इतकं खरं बोलायचा न्हाय, खोडा." तीन दुपारी लागल्या. एका सभासदाने सालींच्या कचऱ्याची तक्रार केली. मी त्यांना त्यांच्याकडे दोन वर्षं पडून असलेल्या पुस्तकाची आठवण करून दिली. तिसऱ्या दुपारी दुसरा अंक संपला. मला वाटतं एक स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे झाला नसेल. इतकी पाठ असलेली बाई मी अकरा वर्षांत एकाही नटात पाहिली नव्हती.

सगळं पुन्हा टाइप केलं आणि बहिणीला फोन लावला. म्हटलं, आता असं कर की वाचावं सगळ्यांनी आणि लिहावं एकीनेच.

"सोपं आहे," ती म्हणाली. "तिला वेगळं खातं दे, फाईल तिच्या खात्यात टाक. डीला हातच लावायला नको."

"म्हणजे नाटक डीवर होतं तिथून काढून आतल्या खोलीत ढकलायचं? का म्हणून? चूक तिची होती का?"

बहीण म्हणाली, "बरं, मग ऐक. विंडोजच्या कप्प्यात कुठली फाईल कुणाची हे लिनक्सला आपोआप कळत नाही. तुझ्या ओळीत जो मालक सांगशील, अख्खा डी त्याच्या नावावर लागतो. बाकीच्यांना नुसतं वाचण्यापुरतं. पण अख्खा हं, फक्त नाटक नाही. कुणाच्या नावावर लावू? तुझ्या?"

सरळ होतं, माझ्याच. ग्रंथपाल मी, ओळ माझी. फोन ठेवला आणि विचार करत बसले. माझ्या सासऱ्यांची वाडी, माहेरची वाडी, आळीतल्या सगळ्या वाड्या. या बाईने प्रत्येक वाडीत काम केलंय आणि तिच्या नावावर वीतभर काही नाही. मी पुस्तकांची यादी, अर्ज, फोटो सगळं डीवरून उचललं आणि माझ्या खात्यात नेऊन ठेवलं. मग तिचं खातं उघडलं, ओळीत मालक म्हणून तिच्या खात्याचा आकडा घातला, शेवटच्या दोन शून्यांच्या जागी बाकीच्यांचं लिहिणं काढून घेणारा दोनचा आकडा घातला. स्वल्पविरामानंतर जागा सोडली नाही. मशीन पहिल्या फटक्यात सुरू झालं.

ती आली तेव्हा मी तिला तिचं खातं उघडून दाखवलं. "हा पूर्ण डी तुझा. माझ्या खात्यातून मलासुद्धा यात अक्षर बदलता येत नाही. बघ." मी बदलून पाहिलं, मशीनने मला नाही म्हटलं. ती पोटभर हसली. मीही हसले. कुणी मला नाही म्हटल्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

दोन दिवसांनी अध्यक्ष आले. "वहिनी, डी उघडत नाही. म्हणजे उघडतो, पण लिहू देत नाही. शेवटी छोटासा बदल करायचाय."

"लिहायचं असेल तर मालकिणीला विचारा."

"तुम्हीच ना?"

"मी नाही." आणि मी नाव सांगितलं.

ते हळूच म्हणाले, "पण मोठा पासवर्ड तर तुमच्याकडे आहे."

"आहे. तो मी वापरणार नाही."

ती त्या दिवशी आमच्या घरच्याच पडवीत सोलत होती. अध्यक्ष निघाले, मी कुलूप लावून मागोमाग. असलं काही चुकवायचा माझा स्वभाव नाही. त्यांना उभ्या उभ्या सांगायचं होतं, पण तिने पाट पुढे सरकवला. मग ते बसले. त्यांनी खिशातून कागद काढून मालकाचं शेवटचं भाषण वाचलं. तिने हात न थांबवता सगळं ऐकलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "येवडं बोलून तुमी गप झालात, की मंग माजं कोन ऐकनार?"

"निदान दोन वाक्यं?"

"एक बी न्हाय." मग तिने वर पाहिलं. "पन पयल्या अंकात 'स्वामित्व' म्हनताना तुमची कवळी हलते. तिथं मी 'हक्क' घालते. चालंल?"

चालेल म्हणाले. काय करतात? आमच्या आळीत त्यांना नाही म्हणणारं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं, आणि हे नाही माझ्या पडवीत म्हटलं गेलं म्हणून माझी छाती भरून आली होती.

उत्सवात आरतीनंतर लगेच नाटक लागलं. दोन तासांचं होतं ते दोन तासांचंच झालं. पोस्टमन दोनदा आला आणि दोनदा गेला. मालक बोलून थांबले. कोपऱ्यातली बाई उठली, पदराला हात पुसले आणि पुढे आली.

"मालक, मी ऐकत व्हते. अठरा वर्सं ऐकतेय. ह्या घरात कोन कुनाशी बोलत न्हाय, कुनाचं लगीन कशानं मोडलं, समदं मला ठावं हाय. ह्या पडवीत समद्यांनी समद्यांना इचारलं, तुला काय वाटतं. मला कुनी इचारलं न्हाय. आज न इचारता सांगते."

इथे पडदा. तसंच लिहिलेलं होतं, माझ्या वहीतही आणि डीवरही. पडद्याची दोरी दरवर्षी तिच्या नवऱ्याच्या हातात असते. नारळ पाडणारा माणूस, वर्षभरात माझ्याशी चार शब्द बोलला असेल. मी विंगेतून हात केला. तो हलला नाही. मी जवळ जाऊन म्हटलं, "अहो, पडदा! संपलं."

तो तिच्याकडेच बघत होता. दोरी त्याने मनगटाला गुंडाळून धरली होती.

"ती सांगते म्हनली ना, वैनी," तो म्हणाला. "तिचं झालं की वढतो."